सर्पदंशाच्या धड्यातली मुख्य गोष्ट

मंडळी, आज नातवाच्या अभ्यासात प्रश्न होता, 'उताऱ्यातला मुख्य मुद्दा सांगा.' वाचलं आणि आसगावची आमची चौथी आठवली. ऐंशीच्या आसपासची गोष्ट.

बाईंनी सर्पदंशावरचा धडा वाचून घेतला आणि मुख्य गोष्ट विचारली. कुणी फणा सांगितला, कुणी विषाचे दात. बाई म्हणाल्या, "बाकी सारं विसरलात तरी चालेल, पण काय विसरून चालणार नाही?"

मी म्हणाले, "साप चावला की थेट दवाखान्यात न्यायचं."

त्याच पावसाळ्यात धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करताना माझ्या आईला साप चावला. बांधावर माणसं जमली. काका म्हणाले, "मांत्रिकाले बोलवा!"

मी बाबांचा हात ओढला. "बाबा, पहिले दवाखान्यात न्या!"

"तुले काय समजते?" काका खेकसले.

"बाईनं शिकवलं ना!"

आईचे डोळे मिटत होते. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग ओरडले, "बंडी जुंपा!"

पवनीचा दवाखाना येईपर्यंत बैलगाडीत मी आईला हाका मारत होते.

आई वाचली. बरी झाल्यावर ती पहिल्यांदाच शाळेत आली आणि बाईंचे हात धरून उभी राहिली.

तुमच्या कोणत्या बाईंचं, गुरुजींचं शिकवणं असं घरापर्यंत पोचलं?