फणसाच्या फळीची कड

आजवर कुणाला सांगितलं नाही, पण बाईंच्या कपाटाची कड मी कापली, दादाने नाही.

रत्नागिरीत आम्हा दोघा भावांचं सुतारकामाचं दुकान होतं. मालगुंडच्या एका निवृत्त शिक्षिकेने परसातल्या, वादळात पडलेल्या फणसाची फळी आणली. चार ड्रॉवरचं बुटकं कपाट करायचं, वर तीच फळी, आणि तिची पुढची कड झाडाला होती तशीच वाकडी ठेवायची. त्या कडेला एक खाच होती. बाईंच्या वारलेल्या यजमानांनी बांधलेली धुण्याची तार खोडात रुतून ती पडली होती.

काम बाईंनी दादाला सांगितलं, तेच मला खुपलं. मी म्हटलं, "कड वाकडीच ठेवायची, तर सुतार कशाला हवा?"

"तुला सरळ कापण्यापलीकडे येतंय काय?" दादा गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी तो एका घरी दरवाजा बसवायला गेला आणि मी फळी मशीनवर घातली. खाचेसकट निघालेली पट्टी बंबात जाळली.

बाई आल्या, सरळ कडेवरून हात फिरवत राहिल्या. "हे कुणी केलं?"

"दादाच म्हणाला, सरळ कर," मी सांगितलं.

शेजारी उभ्या दादाने माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी तो स्वतःची हत्यारं घेऊन दुकान सोडून गेला. आता खेडला दुसऱ्याच्या दुकानात राबतो. माझा फोन उचलत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

बाईंच्या दारात उभं राहून, दादाच्या देखत, खरं सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.