छुट्टीवर गेलेला स्टोअरकीपर

शिंदेकाकांनी ब्रोशर माझ्या टेबलावर ठेवलं. त्याच्या चार घड्या घातलेल्या होत्या.

"ताई, हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो काका. आवडलं?"

"मी तुम्हाला दोन दिवसांच्या छुट्टीचं सांगितलं होतं. तुम्ही कायमची छापलीत."

इंदूरच्या सांवेर रोडवर पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते वीसएक वर्षं स्टोअरकीपर होते. सेठजींनी त्यांना महिनाअखेरीस घरी बसायला सांगितलं होतं. कारण माझी हेडलाइन.

हेडलाइन म्हणजे जाहिरातीतली सर्वांत मोठ्या अक्षरांतली ओळ. खालचं वाचायचं की नाही, हे माणूस तिच्यावरून ठरवतो. आमची कंपनी एंटरप्राइज सॉफ्टवेअर विकायची, म्हणजे एका टेबलाचं नव्हे, अख्ख्या कारखान्याचं काम सांभाळणारं. मध्य प्रदेश तेव्हा अखंड होता आणि इंदुरात काँप्युटर बघायला लोक चपला काढून आत येत. मी ब्रोशर लिहायची. माझे आजोबा संस्थानच्या फौजेत होते, वडील शाळेत शिपाई. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. डिग्री फ्रेम करून दर्शनी भिंतीवर लावली होती. त्यात लाज कसली?

माझे वरिष्ठ मेहतासर, त्यांची आधीची हेडलाइन होती, 'फुल्ली इंटिग्रेटेड मटेरियल्स मॅनेजमेंट सिस्टम'. एकही फोन आला नाही. मग मी आमचं सॉफ्टवेअर लागलेल्या त्या पंपाच्या कारखान्यात गेले आणि शिंदेकाकांना विचारलं, फरक काय पडला?

त्यांनी आधी हातातला माल खणात ठेवला. मग म्हणाले, "वडिलांच्या तेराव्याला पाटावर बसलो होतो. कारखान्याची जीप आली. बेअरिंग कोणत्या खणात आहे, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक? उठून गेलो. यंदा भाऊबीजेला बहिणीकडे उज्जैनला दोन दिवस राहिलो. कुणी बोलावलं नाही."

बाजार हिंदी, म्हणून ओळही हिंदीत लिहिली: 'स्टोरकीपर छुट्टी पर था। बेयरिंग दो मिनट में मिल गया।'

मेहतासर म्हणाले, "इसमें सॉफ्टवेअर कहाँ है?"

"नीचे की लाइन में, सर."

ब्रोशर वाटलं आणि फोन थांबेनात. सर पेढे घेऊन आले. मी फुगले होते, खोटं कशाला सांगू. तेच ब्रोशर शिंदेकाकांच्या सेठजींनीही वाचलं.

काकांचं ऐकून मी सेठजींकडे जायला निघाले तेव्हा सरांनी अडवलं. "क्लायंट है अपना. तू बीच में मत पड़."

मी गेले. सेठजींनी चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, "बेटा, छापा तुमने. मैंने तो सिर्फ पढ़ा."

"पर सेठजी, कौनसी चीज़ किस खाने में है, ये मशीन को शिंदेजी ने ही बताया है. कल नया माल आएगा, तब कौन बताएगा?"

"कोई भी बता देगा."

शिंदेकाका गेले. सियागंजात एका हार्डवेअरच्या दुकानात लागले. वीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस काउंटरमागे स्क्रू तोलू लागला.

पुढे जे व्हायचं तेच झालं. नवा माल ज्याच्या हाती आला त्याने जागा दिसेल तिथे ठेवला, नोंद कुणी केली, कुणी नाही. एक दिवस लेथ बंद पडलं. स्क्रीनवर बेअरिंग होतं, खणात नव्हतं. जीप सियागंजात गेली.

ड्रायव्हर म्हणाला, "शिंदे भिया, सेठ ने बुलाया है."

काकांनी तराजू खाली ठेवला नाही. "सेठजी को बोलना, मैं छुट्टी पर हूँ."

सेठजींनी आमचं सॉफ्टवेअर खोटं बोलतं म्हणून काढून टाकलं. इंजिनीअरांनी तपासलं, प्रोग्रॅममध्ये एकही चूक नव्हती.

दुसऱ्या ब्रोशरच्या वेळी मी नवी ओळ घेऊन काकांच्या दुकानात गेले: 'जो स्टोरकीपर जानता है, अब पूरा कारखाना जानता है।' त्यांनी चष्मा लावून वाचली.

"हेही तेच आहे, ताई. अजून एक जण घरी बसेल."

"मग काय लिहू?"

ते गिऱ्हाइकाच्या खिळ्यांची पुडी बांधत राहिले. दोरा तोडला आणि म्हणाले, "भाऊबीजेनंतर मी परत आलो होतो ना? तेवढंच तुम्ही लिहिलं नाहीत."

नवं ब्रोशर छापलं: 'स्टोरकीपर छुट्टी से लौटा। हर चीज़ अपनी जगह पर मिली।'

फोन पहिल्यापेक्षा बरेच कमी आले. मेहतासर जुनी ओळ परत लावायला सांगत राहिले. धंद्याच्या हिशेबाने त्यांचं बरोबर होतं, जुनी ओळ जास्त चालली होती. मी नवीच ठेवली. तेव्हापासून कुठलीही हेडलाइन छापायला देण्याआधी, ती ज्याच्याबद्दल आहे त्याला वाचून दाखवते. एक चक्कर जास्त पडते, इतकंच.