हसनाबादचं ‘न्हाई’

हसनाबादच्या नाहिदचा राग कायम नाकावर. पण त्या दिवशी तो उफाळला शेजारच्या द्वारकाबाईंपायी. खालच्या वस्तीच्या नळाला नऊ दिवस पाणी नव्हतं. टँकर कुठं लागतो हे विचारायला एका संस्थेचं नवं यंत्र घरोघर फोन करायचं, “पाणी आलं का?” द्वारकाबाई ठणकावायच्या, “न्हाई!” आणि यंत्र गोड आवाजात म्हणायचं, “पाणी आलं. धन्यवाद.”

“ह्या बाईला कान हायेत का गं पोरी?”

“बाई न्हाई काकू, सॉफ्टवेअर हाय.”

“मंग आग लाव त्याला!”

नाहिद दिवसा साड्यांना फॉल-पिको करायची, उरल्या वेळात प्रोग्रामिंग. कॉलेज नाही, क्लास नाही. वडलांनी, बदरोद्दीननं, जुना लॅपटॉप आणून दिला. बाकीचं तिनं फुकटच्या व्हिडिओंतून ओरबाडून घेतलं. तिनं शोधलं तर बोलणं ओळखणारं ते सॉफ्टवेअर खुलं निघालं. म्हणजे कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. दोषही सापडला. यंत्र ‘न्हाई’तला ‘न्’ गिळायचं आणि उरलेल्याला ‘हाय’ समजायचं. झाला होकार! गरिबाच्या नकाराचं असंच होतं, पण इथं ते कोडात लिहिलेलं होतं.

तिनं तक्रार टाकली. पुण्याहून ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अर्पिताचं उत्तर आलं, “हा उच्चार प्रमाण नाही.”

नाहिदनं लिहिलं, “आमची तहान तरी प्रमाण हाय का, ताई?”

तासाभरानं उत्तर आलं, “चुकलं माझं. शंभर नमुने पाठवा, मी स्वतः बसते.”

नाहिदनं वस्तीत सगळं समजावून सांगितलं, तशा बत्तीस बाया हौसेनं आल्या. पण मोबाईल तोंडापुढं धरला की प्रत्येकीनं पदर सारखा करावा, घसा खाकरावा आणि साहेबापुढं उभं राहिल्यासारखं स्वच्छ म्हणावं, “नाही.”

“अगं, रोजचं बोला ना!”

“रेकॉर्डिंगला कुणी असं गावंढळ बोलतं का?” मीनाताई उलट तिलाच म्हणाल्या.

नाहिदनं कपाळावर हात मारला. मग मोबाईल चालूच ठेवून हळूच विचारलं, “काकू, सुनंच्या हातचं पिठलं तुमच्यापेक्षा झकास असतं म्हणं?”

“न्हाईऽऽ!”

“मीनाताई, दाजींनी कधी भांडे घासले का?”

“न्हाई बाई, जल्मात न्हाई!”

हसून हसून बायांची मुरकुंडी वळली. दिवस मावळेस्तोवर एकशे चाळीस ‘न्हाई’ जमले, एकही प्रमाण नव्हता.

पाचव्या दिवशी नवी आवृत्ती आली. सुधारणांच्या यादीत नाव होतं: नाहिद, हसनाबाद. दुपारी द्वारकाबाईंचा फोन वाजला. “पाणी आलं का?”

“न्हाई!”

यंत्र म्हणालं, “पाणी आलं नाही. टँकरसाठी नोंद केली.”

“ऐकलं गं मेल्यानं!” द्वारकाबाई गल्लीभर सांगत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी टँकरचा हॉर्न वाजला, तेव्हा नाहिद बाहेर आलीच नाही. ‘गेल्तो’ आणि ‘आल्ता’वरून तिचं अर्पिताशी नवं भांडण जुंपलं होतं.