शेजारणीच्या विनोदांना मी हसले तेव्हा

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पला मुलाकडे राहायला गेले, तेव्हा भिंतीला भिंत लागून एक जपानी मुलगी राहायची. मुलगी म्हणजे पस्तिशीची असेल, पण मला ती मुलगीच. नायमेखन शहरातल्या विद्यापीठात कॉम्प्युटरच्या चिपांवर डॉक्टरेट केलेली, दोन वर्षं चांगली नोकरी केलेली, आणि ती सोडून दिलेली. कशासाठी? तर स्टेजवर उभं राहून लोकांना हसवायचं म्हणून!

मुलगा म्हणाला, "आई, तिच्या घरचे काय म्हणत असतील गं?"

मला घरच्यांपेक्षा तिचंच कुतूहल. एवढ्या शिकलेल्या बाईला यात काय दिसलं असेल? शेवटी विचारलंच. माझं इंग्रजी टीव्ही बघून शिकलेलं, तीही सावकाश बोलायची, त्यामुळे आमचं बरं जमायचं. सुनेच्या मैत्रिणींचं ऐकून ती मला काकू म्हणायची.

म्हणाली, "काकू, प्रयोगशाळेत उत्तर यायला सहा महिने लागतात. स्टेजवर लगेच कळतं."

एका कॅफेच्या मालकाने तिला शनिवारी दुपारी दहा मिनिटं दिली होती. लोक हसले तर पुढे बोलावणार. नाही हसले, तर सोमवारी जपानमधल्या विद्यापीठाला होकार कळवून ती परत जाणार. तिथली संशोधनाची जागा तिच्यासाठी थांबलेली होती.

मग काय, आठवडाभर तालीम माझ्या स्वयंपाकघरात. मी थालीपीठं थापायचे, ती ओट्याला टेकून विनोद सांगायची, आणि मी प्रत्येकाला हसायचे. अर्धे तर मला कळलेच नव्हते. पण अहो, घरी आलेल्या पोरीला, तेही ती आपल्याकडे जेवत असताना, हसू आलं नाही असं तोंडावर कसं सांगायचं?

सून म्हणाली, "आई, तुम्ही खरंच हसताय का?"

"गप गं. तिला हुरूप येतो."

शनिवारी आम्ही पुढच्याच टेबलावर बसलो. पहिला विनोद सायकलीचा. कोणी हसलं नाही. दुसऱ्यालाही नाही. डच माणसं ती, हसू आलं नाही तर निवांत कॉफी पितात. तिसऱ्याला मी एकटीच मोठ्याने हसले. ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

मग लोकांकडे वळून म्हणाली, "या काकू आठवडाभर या सगळ्याला हसल्या. मी डॉक्टरेट केलीय हो! आणि चाचणी घेतली एकाच बाईवर, तीही तिच्या घरचं खात." लोक हसले. "मी तरी काय केलं? तिखटाने डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी रोज म्हणत होते, फारच छान!"

आता सगळी खोली हसत होती. मीसुद्धा, आणि या वेळी खरंखुरं. रोज डोळे पुसायची, तेव्हा मला वाटायचं पोरीला घरची आठवण येते!

मालक म्हणाला, "सायकल काढून टाक. पुढच्या महिन्यात ये."

सोमवारी तिने विद्यापीठाला नकार कळवला. मी विचारलं, "अगं, एका दुपारवर एवढं ठरवलंस?"

"काकू, कोणी हसत नव्हतं तेव्हाही मला तिथून पळावंसं वाटलं नाही. तेवढंच मला बघायचं होतं."

मान डोलवणार होते, पण थांबले. म्हटलं, "मला नाही गं कळलं. नीट सांग."

तिने खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सांगायला बसली.