तिकडं सहा वाजले असतील

रविवारी दुपारी साडेतीनला मी मंठ्याहून वाटूरकडं सायकल काढतो. एप्रिल असो, मे असो. डांबर मऊ पडलेलं असतं, कुत्रंसुद्धा सावली सोडत न्हाई. बायको दारात उभी राहून तेच म्हणते, "डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? लोक सकाळच्या गारव्यात चालवतात सायकल." बरोबर आहे तिचं. पण आपल्याकडं साडेतीन झाले की चीनमध्ये सहा वाजतात, अन् तिथं एका पुलाखाली एक म्हातारा माझी वाट बघत उभा असतो. आधी मला हे नुसतं वाटायचं. आता माहीत आहे.

मी जालन्यात सळईच्या कारखान्यात मेकॅनिक. नवं मशीन येणार होतं, ते शिकून यायला मालकानं मला दहा महिने चीनमधल्या एका मोठ्या शहरात धाडलं. शहर कसलं, पोळ्याच्या आदल्या दिवशीचा बाजार, तोही दहा पदरी रस्त्यावर अन् रोज. विजेच्या स्कूटरींचा आवाजच येत न्हाई, मागून येऊन कोपराला घासून जायच्या. खोलीवर एकट्याला करमेना म्हणून मी एक जुनी, पातळ टायरची, वाकड्या हँडलची सायकल घेतली. पहिल्याच रविवारी पुलाखालच्या चौकात अडकलो. इकडून बस, तिकडून स्कूटरी, पाय टेकवायला जागा न्हाई. घाम फुटला. तेवढ्यात पिवळं हेल्मेट घातलेला एक म्हातारा तशाच सायकलवर पुढं आला, वळून बघितलं अन् हातानं खुणावलं, माझ्या मागं ये.

गेलो. सत्तरीचा असेल, पण पोटऱ्या बघाव्यात त्याच्या! त्याच्या मागच्या चाकापासून माझं पुढचं चाक हातभर. खड्डा आला की तो खाली बोट दाखवायचा. पुढं गाडी उभी असली की हात पाठीमागं नेऊन बाजूला हलवायचा. मूठ वर केली की थांब. मला पुढचं काही दिसायचंच न्हाई, नुसती त्याची पाठ. अशा त्या गर्दीतून त्यानं मला नदीकाठच्या मोकळ्या रस्त्यावर काढलं अन् अंधार पडायच्या आत परत पुलाखाली आणून सोडलं.

निघताना त्यानं अंगठा अन् करंगळी वर केली. आपल्याकडं ही खूण कशाची ते सगळ्यांना ठाऊक. मला वाटलं, म्हातारा प्यायला बोलवून राह्यला. मी दोन्ही कानाला हात लावले, न्हाई बाबा, आपण घेत न्हाई. तो पोट धरून हसला अन् मनगटावरच्या घड्याळात आधी वारावर, मंग सहावर बोट ठेवलं. तिकडं एका हातावर सहा असे दाखवतात. म्हणजे पुढच्या रविवारी, सहाला, इथंच. मीही तसेच सहा दाखवले. दहा महिन्यांत आमचं बोलणं ह्याच्यापुढं गेलं न्हाई. नाव न्हाई, गाव न्हाई. फोन तो घरीच ठेवायचा.

एकदा मला सव्वा तास उशीर झाला. पाऊस धो धो. गेला असेल म्हणून नुसतं बघायला गेलो, तर तो पुलाखाली उभा. वाऱ्यानं पाणी आत येऊन राह्यलं, कपडे अंगाला चिकटलेले. रागावला न्हाई. सायकलवर बसला अन् निघाला. तेव्हाच मला कळलं की हा माणूस थांबणारा आहे. घोडं पेंड खातं ते इथंच.

परत यायची तारीख मला महिनाभर आधी माहीत होती. फोनमध्ये भाषांतराची सोय होती. मी वाक्य तयार करून ठेवलं : मी माझ्या देशात परत जातोय, पुन्हा येणार न्हाई, तुम्ही थांबू नका. चार रविवार ते वाक्य खिशात घेऊन हिंडलो. शेवटच्या रविवारी फोन काढला, तर म्हाताऱ्यानं खिशातून हँडलला गुंडाळायची नवी पट्टी काढली. माझी फाटलेली त्यानं कधी बघितली कोणास ठाऊक. तिथंच खाली बसून त्यानं जुनी सोडली अन् नवी ताणून, बराबर, हौसेनं गुंडाळली. मंग उठून सहा दाखवले. माझा फोनचा हात काही वर होईना. दुसऱ्या हातानं मी सहा दाखवले.

माय म्हणायची, भीड भिकेची बहीण. मी भिडेपोटी खोटं बोललो, तेही तोंड न उघडता.

दोन वर्षं झाली. वाटूरच्या रस्त्यावर खड्डा आला की माझा हात आपसूक खाली जातो. मागं कोणीच नसतं. एकदा एका काळ्या-पिवळ्या जीपवाल्यानं गाडी हळू करून विचारलं, "काका, कोणाला दाखवून राह्यले?" मी म्हणलं, सवय. तो पुढं गेला, पण मला काही मागं वळून बघायची हिंमत झाली न्हाई. तसाच मान ताठ ठेवून घरी आलो.

मागच्या महिन्यात आमच्या कारखान्यातला एक फिटर आठ दिवसांसाठी त्याच शहरात गेल्ता. बायकोच म्हणाली, "त्याला पाठवा की पुलाखाली. वाक्य दाखवंल, अन् तुम्ही बी सुटाल, तो बी सुटंल." मी फिटरला पुलाचा फोटो दिला, वाक्य दिलं. त्या रविवारी सायकल काढली न्हाई. दोघं फोन समोर ठेवून बसलो. साडेतीनला वाजला.

"जय भीम, भाऊ. पुलाखाली हाय मी."

"कोणी हाय का?"

त्यानं फोन फिरवला. बस, स्कूटरी, माणसंच माणसं, अन् खांबाशी पिवळं हेल्मेट. खरं सांगतो, तो तिथं नसावा असंच मला वाटत होतं. मेला असता तर सुटलो असतो, असंही मनात येऊन गेलं. लाज वाटते, पण आलं.

"वाक्य दाखवू का?"

"थांब. आधी मला बघू दे त्याला."

फिटरनं फोन त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्याचं तोंड पडदाभर झालं. पुढचा एक दात गेलेला. डोळे बारीक करून त्यानं बघितलं अन् ओळखलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला. अंगठा अन् करंगळी वर केली.

"भाऊ, दाखवू ना?" फिटर मागून ओरडून राह्यला, "माझी बस सुटंल!"

मला नुसतं 'दाखव' म्हणायचं होतं. एक शब्द.

मी हात वर केला. अंगठा अन् करंगळी.

म्हाताऱ्यानं मान हलवली, फोन परत दिला अन् सायकलवर बसला. फिटरचा फोन अजून चालूच होता. गर्दीत शिरताना म्हाताऱ्याचा हात खाली गेला, त्यानं खड्डा दाखवला. त्याच्या मागं कोणीच नव्हतं.

बायकोनं विचारलं, "काय सांगितलं त्याला?"

"पुढच्या रविवारी येतो म्हणलं."