कुंकू लावलेली उत्तरपत्रिका

महागावकडच्या तांड्यावरच्या शाळेत मी बारा वर्षं शिकवतेय. परीक्षेला कोऱ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा फोडला की सगळ्यात वरच्या कागदाच्या कोपऱ्याला ओल्या कुंकवाचं बोट लावायची माझी सवय. तपासणारे गुरुजी हसायचे, पण मार्क काही कापायचे नाहीत.

त्या वर्षी पाचवीच्या सामायिक परीक्षेला गोल काळे करायच्या उत्तरपत्रिका आल्या. म्हणे मशीन तपासणार. प्रयोग होता, पण बाप्पा, निवासी शाळेतली जागा त्याच प्रयोगावर ठरणार होती! माझ्या वर्गातल्या सगळ्यात हुशार पोरीला ती जागा हवीच होती. दिवाळी झाली की तिचे आईबाप ऊसतोडीला निघायचे, तिलाही न्यायचे. जागा मिळाली तर यंदा पोरीला नेणार नाही, असं तिच्या बापानं मला कबूल केलं होतं.

महिनाभर मी पोरांच्या डोक्यात एकच भरलं. गोल पूर्ण भरा, खाडाखोड नको, घडी नको, कडेच्या काळ्या चौकोनांवर काही लिहू नका, मशीन त्यांवरूनच कागद वाचतं. परीक्षेच्या दिवशी गठ्ठा फोडला आणि माझा हात आपोआप कुंकवाकडे गेला. वरचा कागद पहिल्या बाकावर गेला. तिथं तीच हुशार पोरगी बसली होती.

निकालात तिच्या नावापुढे मार्क नव्हते. 'वाचता आली नाही' एवढंच होतं.

मी तालुक्याला धावले. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरवर तिची उत्तरपत्रिका दाखवली. कोपऱ्यातला चौकोन कुंकवानं बुजला होता.

"मशीनले चौकोनच नाही सापडला, बाई."

"मग डोळ्यानं तपासा ना! गोल तर सगळे दिसून राह्यले!"

"हातानं तपासाची सोय नाही."

मी भांडले, अर्ज दिला, त्यांच्यासमोर रडलेसुद्धा. चूक माझी आहे, शिक्षा मला द्या म्हटलं. साहेब बिचारे भले होते, त्यांनी चहा पाजला. पण करणार काय, त्यांच्याही हातात काही नव्हतं. परतीच्या एसटीत मला स्वतःचाच संताप येत होता.

तांड्यावर जाऊन मी सगळं खरं सांगितलं. बाप मान खाली घालून म्हणाला, "तुमी काही मुद्दाम नाही केलं, बाई." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पोरगी आत गेली आणि प्रश्नपत्रिका घेऊन आली.

"बाई, तुमी तपासा."

ओसरीत बसून आम्ही एकेक प्रश्न घेतला. कोणता गोल भरला होता ते तिला तोंडपाठ होतं. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस बरोबर निघाले.

"लिहून द्या मले," ती म्हणाली.

मी तिच्या वहीत मार्क लिहिले, खाली सही केली. त्या सहीला कुठलीच शाळा विचारणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं वही नीट बंद केली आणि ऊसतोडीला न्यायची भांडी आईला बांधू लागली.