आधी हार, मग गाऱ्हाणं

माझं बारामतीत फ्लेक्स छापायचं दुकान आहे, त्यामुळे माणसांवरचा माझा विश्वास जरा लवकरच उडाला. एका पक्षाचे दोन झाले, त्या आठवड्यात मी एकाच माणसाचे दोन फ्लेक्स छापले. सकाळी इकडच्या निष्ठेचा, संध्याकाळी तिकडच्या. फोटो तोच, जोडलेले हात तेच, फक्त वरच्या गोलातले चेहरे बदलले. 'निष्ठा' हा शब्द मोठा घ्या, असं त्यानं दोन्ही वेळा बजावलं. तेव्हापासून कुणी कुणाबद्दल चांगलं बोललं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, याला बोलायला कुणी लावलं? बायको म्हणते, ईदला कुणी गळाभेट घेतली तरी तुम्ही आधी खिसा चाचपता.

शेजारच्या गाळ्यात एक पोर्टलवाला बसतो. पोर्टलवाला म्हणजे मोबाइलवर बातम्या दाखवणारा. पूर्वी तालुक्याला दोन-तीन साप्ताहिकं होती, त्यांचे संपादक निदान चष्मा लावून खोटं लिहायचे. आता एक माईक घेतला, त्यावर चॅनेलचं नाव चिकटवलं की झाला पत्रकार. त्याच्या माईकवरचं नाव मीच छापून दिलंय, म्हणून फार बोलता येत नाही. आम्हा दोघांचं पोट एकाच धंद्यावर चालतं, तो म्हणजे वाढदिवस. इथं कारखाना, दूध, द्राक्षं, डाळिंब सगळं आहे, पण आमच्यासारख्यांना जगवतो तो पुढाऱ्यांचा वाढदिवस. त्यांच्या शुभेच्छा मी रस्त्यावर टांगतो आणि तो मोबाइलवर. ज्याच्या केकचा तुकडा तोंडात आहे त्याच्याविरुद्ध शब्द कसा फुटणार? हे मी स्वतःवरूनच सांगतो.

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचे तात्या माझ्या वडिलांचे दोस्त. वडील कापडाचे गठ्ठे घेऊन त्या बाजूच्या बाजारांना जायचे, तेव्हापासूनची ओळख. तात्यांचं रान कालव्याच्या पार शेवटी, टेलला. पाणी सुटलं की वरची गावं आधी ओढून घेतात आणि टेलच्या चारीत, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्यात, यायचा तो चिखल येतो. तिथल्या लोकांनी बोलायचं काम वर्षानुवर्षं तात्यांवर सोपवलंय. त्यांना ना पद, ना शिक्का. बैठक असली की लोक म्हणायचे, तात्या बोलतील ते आमचं. त्यांची सगळी कमाई म्हणजे ही एवढीच, लोकांचा त्यांच्या बोलण्यावरचा भरवसा. मीही त्यांच्याकडे संशयानं कधी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

गेल्या उन्हाळ्यात पाण्याच्या बैठकीसाठी ते बारामतीला आले आणि चहाला माझ्या दुकानात टेकले. पोर्टलवाल्यानं लगेच माईक पुढे केला.

आता आपल्याकडे गाऱ्हाणं मांडायची एक रीत आहे. आधी हार घालायचा, मग रडायचं. पुढारी समोर नसला तरी हार घालायचाच. भांडायला गेलेला माणूससुद्धा आधी पुढाऱ्याच्या आई-वडिलांची पुण्याई सांगतो. एकदम तक्रार करणारा उद्धट ठरतो आणि उद्धट माणसाचं कोण ऐकतो? तात्यांचं सगळं आयुष्य या रीतीत गेलेलं. ते घसा खाकरून म्हणाले, "सायबांनी आमच्या भागाचं लई केलं. रस्ता दिला, शाळा दिली, इमारती उठवल्या. त्यांचे उपकार आमी इसरनार न्हाय." असं बराच वेळ बोलून झाल्यावर गाडी पाण्यावर आली. "टेलला पानी न्हाय. वर उसाचे पाट भरून वाहत्यात आन आमची जनावरं चिखल चाटत्यात. हे कुठवर चालायचं?" हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. मी चहा गाळता गाळता ऐकलं.

संध्याकाळी मोबाइलवर फक्त हार आला. गाऱ्हाणं सुरू व्हायच्या आधीच तात्या संपले होते. वर मथळा होता, 'टेलचे शेतकरी समाधानी'.

मी तसाच शेजारी गेलो. "पुढचं कुठं गेलं?"

"मी त्यांचा एक शब्द तरी बदललाय का?" तो शांतपणे म्हणाला. "तुमच्यासमोर बोलले ना? लोक एवढं लांबडं बघत न्हाईत, भाई. अंगठा फिरवत्यात."

तो अगदीच खोटं बोलत नव्हता, म्हणून मला जास्त राग आला. पुढच्याच आठवड्यात त्याच्या पोर्टलवर त्याच साहेबांच्या वाढदिवसाची सगळ्यात मोठी जाहिरात झळकली. कुठंतरी पाणी मुरत होतं. पण त्या वाढदिवसाचे फ्लेक्स माझ्याच मशीनवर निघत होते, मग मी कुणाला आणि काय विचारणार?

निरवांगीत कुणी तात्यांशी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. पाण्याच्या पाळीवरून गावात बसायचं ठरलं तेव्हा त्यांना कुणी बोलावलं नाही, एवढंच. त्यांच्या गोठ्यावर नवे पत्रे कधी पडले, याची लोक आपापसात चौकशी करू लागले. पत्रे आदल्या दिवाळीतले होते. तात्या मला फोनवर म्हणाले, "मी पुढचंबी बोललो हुतो, भाई. तू हुतास ना तितं?" मी हो म्हणालो. त्यांनी तेच पुन्हा विचारलं.

मग इंदापूरला साहेब स्वतः यायचे होते त्या बैठकीला तात्या न बोलावता गेले. मीही मोटारसायकल काढून गेलो. आधीच्या वक्त्यांचे हार घालून झाले होते. तात्या उठले, माईक हातात घेतला आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाले, "टेलला पानी न्हाय. तुमी दरसाली सांगता येतंय, आन येत न्हाय. वरचा ऊस जगावा म्हून आमाला मारताय. खोटं आसंल तर उठा, आत्ता माझ्यासंगं चारीवर चला."

साहेब हसून म्हणाले, "तात्या आज रागावलेत." मग हशा झाला आणि पुढचा वक्ता उठला. पण इतक्या वर्षांत मी छापलेल्या शब्दांत असा एकही नव्हता.

बाहेर पडताना त्यांच्याच गावचे दोघे पुढे चालले होते. एक म्हणाला, "ह्या खेपेला दुसऱ्या गटानं धरलंय म्हाताऱ्याला." दुसरा म्हणाला, "मागं हिकडनं घेतलं, आता तिकडनं." तात्या माझ्या शेजारीच होते. त्यांनी ऐकलं.

पोर्टलवाल्यानं या वेळी काहीच कापलं नाही. सगळं बोलणं आम्ही इंदापूर सोडायच्या आत मोबाइलवर होतं. मथळा होता, 'तात्यांचा बोलविता धनी कोण?'

लोकांची तोंडं बंद करायची वरच्यांना आता गरजच उरलेली नाही. कुणी बोललं तर ते त्याचं स्वतःचं असेल यावर कुणाचा विश्वास बसू नये, एवढं झालं की पुरे. ते झालंय. पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले, आणि प्रत्येक वेळी आपण हुशार होत गेलो. इतके हुशार, की टेलचा तहानलेला माणूस पाणी मागतोय तर आपण विचारतो, याला कुणी पढवलं? मला या हुशारीची शिसारी आली, आणि तिच्यात मी कुणापेक्षा मागे नाही हेही मला ठाऊक होतं.

तात्यांना घरी सोडलं तेव्हा दिवेलागण झाली होती. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. सुनेच्या मोबाइलवर त्यांनी सगळं पाहिलं होतं. दोन घास झाल्यावर तात्यांच्या ताटात भाकरी टाकताना हळूच म्हणाल्या, "येक सांगू का? रागावू नगा. कुनी काय दिलं आसंल तर माघारी देऊन टाका. आपल्याला नगं त्ये."

"कुनी कायबी दिलं न्हाय," तात्या म्हणाले. "माझं मी बोललो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय का रं भाई?"

"खरं हाय, काकू. मी हुतो तितं."

"मग बरं झालं बया," म्हणत त्या कालवण आणायला चुलीकडे वळल्या. तात्यांनी हातातला घास ताटात ठेवून दिला. उभा जन्म जिच्याबरोबर काढला तिलाही आता त्यांच्या शब्दाला जामीन लागला होता, आणि तो जामीन म्हणजे मी, फ्लेक्स छापणारा.